चढता काटा

मित्रांनो, भूगोलाच्या वर्गात फळ्याच्या उजव्या हाताला जी गोल पितळी तबकडी टांगलेली आहे आणि जिच्या काचेवर केसासारखा एक तडा दिसतो, ती म्हणजे मी: निर्द्रव वायुभारमापक. नाव लांबलचक असले, तरी काम एकच आहे. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक पन्हळीदार डबी आहे. तिच्यातील हवा काढून घेतलेली आहे. बाहेरच्या हवेचा भार वाढला की ती दबते, घटला की फुगते, आणि तिची ती किंचितशी हालचाल तरफांमधून माझ्या काळ्या काट्यापर्यंत पोहोचते. शिवाय मला एक पितळी काटाही आहे. तो आपण होऊन हलत नाही. काचेवरील बोंडी फिरवून तो काळ्या काट्यावर आणून ठेवायचा, आणि काही वेळाने पाहायचे, की काळा काटा कोणत्या दिशेला सरकला.

ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझ्या तबकडीवर डावीकडून उजवीकडे 'वादळ', 'पाऊस', 'बदल' आणि 'निरभ्र' अशी अक्षरे कोरली. कारागीर कुशल होता. तरीही या अक्षरांवरून माझे त्याच्याशी भांडण आहे. भांडण कशाचे, ते तुम्ही पुढे ऐकालच.

माझी उमेदीची वर्षे बंदराच्या कचेरीत गेली. तिथे येणारा होडीचा प्रत्येक तांडेल दारातून आत पाऊल टाकताच प्रथम माझ्याकडे पाही आणि मग साहेबाकडे. पुढे कचेरीत नवी यंत्रे आली आणि मला शाळेत धाडण्यात आले. शाळेतही कौतुक झाले, पण ते निराळे. भूगोलाच्या बाई मला काचेच्या हंडीत ठेवत आणि पंपाने हंडीतील हवा उपसत. काटा झरझर 'वादळा'वर उतरे. झडप उघडली की पुन्हा जागेवर येई. मुले टाळ्या पिटत आणि घरी जाऊन सांगत, "बाई म्हणतील तसा काटा नाचतो!" मुलांचे बोलणे गावभर झाले. जे यंत्र कुणाच्याही हाताने नाचते, त्यावर भरवसा कोण ठेवणार? दर सकाळी बाई मात्र मला बोटाने हलकेच टिचकी मारून पाहत. बाकीच्यांच्या लेखी मी खेळणे झालो.

आणि मग ते चक्रीवादळ आले.

इशारा आदल्या दिवशीच मिळाला होता. सखल भागातील माणसे शाळेच्या दगडी इमारतीत आली. बाकांच्या उतरंडी रचून समुद्राकडील खिडक्या दाबून टाकण्यात आल्या. बाईंचे थोरले बंधू होड्यांच्या इंजिनांचे मेस्त्री. ते धक्क्यावरची कामे आटोपून भिजत आले आणि दारातच विचारते झाले, "आई कुठंय?"

"तुझ्याबरोबर नाही?" बाई म्हणाल्या.

"माझ्याबरोबर? अगं, मला वाटलं तू सकाळीच घेऊन आलीस!"

आई धक्क्यामागच्या गल्लीत एकटी राहत असे. शेजाऱ्यांनाही वाटले होते, की म्हातारी लेकीकडे गेली. मेस्त्री तसेच मागे फिरले. परंतु तेवढ्यात समोरच्या घराचा पत्रा रस्त्यावरून कागदासारखा उडत गेला आणि चौघांनी त्यांना धरून आत ओढले.

सकाळभर वारा समुद्राकडून येऊन खिडक्यांवर धडका देत होता. माझा काळा काटा 'वादळा'च्याही डावीकडे, जिथे अक्षरेच नाहीत, अशा ठिकाणी उतरला. मेस्त्री भिंतीशी उकिडवे बसले होते.

भर दुपारी वारा अचानक पडला. पाऊस थांबला. अंगणात चक्क ऊन आले. थकलेले समुद्रपक्षी कौलांवर उतरून बसले. माणसे हुश्श करून बाहेर पडू लागली. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. "चला, सुटलो एकदाचे!"

मेस्त्री केव्हाच उठले होते. "मी होड्यांकडे एक नजर टाकतो आणि येताना आईला घेऊन येतो."

"दादा, थांब. हे सरलेलं नाही. आपण वादळाच्या डोळ्यात आहोत. भोवती भिंतीसारखा वारा फिरतोय आणि मध्ये ही शांतता आहे. दुसरी भिंत यायचीय, आणि तिचा वारा उलट बाजूनं येईल."

"कशावरून?"

"काटा बघ. वादळ सरलं असतं तर वर आला असता. हा अजून उतरतोय."

"अडकलाय तो! सकाळपासून पाहतोय. तुझं ते नाचरं खेळणं आहे, बाईसाहेब."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मला खिळ्यावरून काढले, हंडीत ठेवले आणि पंपाचा दांडा दोनदा मारला. काटा खाली गेला. झडप उघडताच तो परतला आणि होता त्याच रेषेवर थांबला. मेस्त्र्यांचा जन्म यंत्रे उघडण्यात गेला होता. त्यांना अधिक सांगावे लागले नाही.

"अडकलेला नाही," ते हळूच म्हणाले. "म्हणजे आई..."

"म्हणजे वेळ थोडा आहे. डोळ्याचा मध्य आपल्यावरून सरकेपर्यंत काटा उतरेल. तो चढू लागला की समज, दुसरी भिंत निघाली. त्या क्षणी मी घंटा देईन. घंटा ऐकलीस की असशील तिथून मागे फिरायचं. होड्यांकडे बघायचंसुद्धा नाही."

"आणि आई मिळाली नसली तर?"

"तरीही."

मेस्त्री दारापर्यंत जाऊन वळले. "तू देशील घंटा?"

"देईन."

ते धावत सुटले. बाईंनी मला पुन्हा टांगले, पितळी काटा काळ्या काट्यावर आणून ठेवला आणि माणसांना हाका मारून अंगणातून आत घेतले. "बाकं उचला! आता डोंगराकडच्या खिडक्या!" माणसे कुरकुरत उठली. "उन्हात कसलं वादळ? बाईंना वर्गच सुटत नाही," कुणीतरी म्हणाले आणि दोघेतिघे हसले. बाकांच्या दर खेपेला बाई माझ्याकडे येत आणि टिचकी मारत. काळा काटा पितळीच्या किंचित डावीकडे जाई. त्या बोंडी फिरवून पुन्हा जुळवून घेत. एकदा दोन्ही काटे जुळलेलेच राहिले. बाईंचा श्वास माझ्या काचेवर उमटला. त्यांनी पुन्हा टिचकी मारली.

काळा काटा उजवीकडे सरकला.

"चढला!" मागून डोकावणारे मुख्याध्यापक आनंदाने ओरडले. "निरभ्राकडे निघाला! बघा, मी म्हणत नव्हतो?" वर्गात टाळ्या वाजल्या.

बाई व्हरांड्यात गेल्या होत्या. उघड्या दारातून मला त्या दिसत होत्या. त्यांनी घंटेची दोरी हातात धरली. गल्लीच्या तोंडाशी कुणीही नव्हते. ऊन तसेच पडले होते. दोरी त्यांच्या मुठीत होती आणि त्या ती ओढत नव्हत्या. ज्या आईने त्यांना वाढवले, तिला मागे ठेवून ये, एवढाच त्या घंटेचा अर्थ होता.

"अहो बाई, चांगलं होतंय, आणि घंटा कसली?" मुख्याध्यापक म्हणाले.

बाईंनी दोरी ओढली. हात भरून येईपर्यंत त्या ओढतच राहिल्या.

डोंगराकडून आधी नुसता आवाज आला. कौलांवरचे पक्षी एकदम उडाले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मेस्त्री दिसले. त्यांच्या पाठीवर आई होती, आणि ती अखंड बोलत होती. दोघे उंबऱ्याच्या आत आले, दार लोटले, अडसर पडला आणि दुसरी भिंत येऊन धडकली. एक बाक कलंडून त्याचा कोपरा माझ्या काचेवर आदळला. परंतु खिडक्या टिकल्या. संध्याकाळपर्यंत वारा गर्जत राहिला, आणि तो सारा वेळ माझा काटा चढत होता.

"येतच नव्हती," मेस्त्री धापा टाकत सांगत होते. "म्हणे, ऊन पडलंय, मी आता घर आवरते. हात धरला तर झिडकारला. मग घंटा झाली. कसली घंटा, म्हणाली. मी सांगितलं, तुला सोडून परत जायचं ठरलंय."

"मग?" बाईंनी विचारले.

उत्तर आईनेच दिले. "मग काय? हा गाढव दारात उभाच! जाईचना. मी उठले नसते तर हा तिथंच मेला असता." तिने पदराने लेकीचे तोंड पुसले. "घंटा दिलीस ते बरं केलंस."

बाईंनी आईला आतल्या भिंतीशी नेऊन बसवले.

मित्रांनो, आता माझे भांडण ऐका. त्या दुपारी 'निरभ्रा'कडे जाणारा काटा पाहून ज्यांनी टाळ्या पिटल्या, त्यांना वाचता येत होते. त्यांनी अक्षरे अचूक वाचली होती. कोणी म्हणेल, मग दोष यंत्राचा. माझे उत्तर असे, की मी फक्त हवेचा भार सांगतो. तो काल किती होता, आज कुठे निघाला आहे आणि आपण वादळाच्या कोणत्या अंगाला उभे आहोत, हे ज्याने ध्यानात ठेवले, त्यालाच माझे बोलणे कळते. त्या दिवशी ते एकट्या बाईंना कळले, कारण काही घडत नसे त्या दिवसांतही त्या मला पाहत आल्या होत्या.

तडा गेलेली काच बदलली नाही तरी चालेल. धूळ मात्र पुसत जा, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशीसुद्धा वर्गात शिरताना माझ्यापाशी क्षणभर थांबा. बोटाने हळूच टिचकी मारा, आणि काटा कोणीकडे सरकतो ते पाहून मगच बाकावर बसा.