साडेपाच नंबरचा पाय

कारखान्यात तिला सगळे 'पाच नंबर' म्हणायचे. बायकांच्या बुटांचा कुठलाही नवा नमुना पाच नंबरात तयार झाला, की पहिला जोड तिच्या पायात चढायचा. तो घालून दुसऱ्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात चालायचं आणि कुठे काय खुपतंय ते सांगायचं, हेच तिचं काम. बावीस वर्षं ती शिलाई मशिनांपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून मशिनांपर्यंत चालत होती.

चालताना ती तिथे नसायचीच. पट्ट्यांचे सँडल असले की फरशीखाली ओली वाळू सरकायची. उंच टाचा असल्या की एखादा रुंद जिना उलगडायचा आणि वरून गाणं ऐकू यायचं. कुणी हाक मारली की ती दचकून परत यायची आणि अचूक सांगायची, "डाव्या करंगळीपाशी टोचतंय. शिवण जरा बाहेर घ्या."

त्या वर्षी मात्र सगळेच जोड टोचायला लागले. शेवटी तिनं घरी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवली. अर्धा नंबर जास्त! पन्नाशीतला पाय गुपचूप पसरला होता. आता आपलं कारखान्यात काय काम? तिनं ब्रही काढला नाही. दोष बुटाचा की आपल्या पायाचा, हेच कळेना, म्हणून "कसा वाटतोय?" असं विचारलं की "छान" म्हणायची. पण व्हरांड्यात आता नुसत्या फरशा दिसायच्या. वाळू नाही, जिना नाही.

ज्या लाकडी पावलांवर बूट बेततात, ती कोरणाऱ्या साचेवाल्या काकांनी एक दिवस तिला स्टुलावर बसवलं. टेप एकदा फिरवली, पुन्हा फिरवली.

"कधीपासून?"

"सहा-सात महिने झाले. काका, मालकीणबाईंना सांगू नका. मी सवय करून घेईन."

"सवय? अगं, दर आठवड्याला खोकी भरून बूट परत येतायत. मी डोकं खाजवतोय आणि तू 'छान छान' करत बसलीस!"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली आणि स्वतःच मालकीणबाईंच्या खोलीत गेली. सगळं सांगून टाकलं, काहीच राखून ठेवलं नाही.

मालकीणबाईंनी खुर्ची जरा मागे सरकवली. मग टेबलाखाली हळूच बूट निसटल्याचा आवाज आला.

"आपले बूट मलाही घट्ट होतात गं," त्या म्हणाल्या. "वाटलं, माझंच वजन वाढलंय." मग हसू आवरत त्यांनी विचारलं, "तुला कसे हवेत? तू सांगशील तसे करू."

असं तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. ती डोळे मिटून बोलायला लागली. पुढून मोकळे, पण टोक बोटं संपल्यावर निमुळतं होणारं. वरचा काप खोल, म्हणजे पाऊल लांबसडक दिसेल. टाच दोन बोटं उंच आणि रुंद. आतून मऊ कातडं. रंग डाळिंबी.

काकांनी तिच्या पायावरून नवा साचा कोरला. पाच नंबरसाठी पॅकिंगमधल्या एका बाईचा पाय घेतला. त्या बाईला कामाची रीत ती स्वतः शिकवू लागली.

महिन्याभरानं डाळिंबी जोड आला. तिनं पाय सरकवला आणि व्हरांड्यात निघाली. काही टोचलं नाही. खिडकीपाशी थांबली, तर काचेत एक डौलदार बाई उभी होती. तिला ती ओळखीची वाटली.

"कसा आहे?" काकांनी विचारलं.

"बाहेर जाऊन सांगते."

ती जिना उतरली, फाटकातून रस्त्यावर आली. दुपार कलली होती. बस आली, थांबली, निघून गेली. ती चालतच राहिली. दुकानं संपली, झाडं लागली. ऊन पानांतून गळून तिच्या पावलांवर पडत होतं आणि रस्ता पाण्यासारखा हलका वाटत होता. कालव्याच्या कठड्यावर ती टेकली. बूट काढावेसेच वाटेनात. समोरून चालत येणारी एक अनोळखी बाई तिच्या पायांकडे पाहून थबकली.

"कुठून घेतलेत हो?"

"अजून दुकानात आले नाहीत," ती म्हणाली आणि तिला बसायला जागा करून दिली.