आधी वरचा, मग खालचा

लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवलेल्या गाडीखालून आधी एक पाना घरंगळत बाहेर आला, मग वडिलांचे दोन पाय आणि बऱ्याच वेळाने उरलेले वडील.

"वरचा बोल्ट हलत नाहीये."

"आणि खालचा?" मुलीने विचारलं.

"काढला. तेल केव्हाच गळून गेलं."

मुलगी बघतच राहिली. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याला या घरात भोपळा म्हणत. भोपळ्यातलं तेल बदलायचं तर आधी वरचा बोल्ट उघडायचा, कारण नवं तेल तिथूनच भरायचं असतं. तो उघडल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही, हे वडिलांनी तिच्याकडून पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतलं होतं. शेजारच्या काकांनी एकदा उलटं केलं, तेव्हा त्यांची गाडी कोरड्या भोपळ्यानिशी कित्येक दिवस दारात उभी होती. ही हकीकत वडील आल्यागेल्याला चहाच्या आधी सांगत आणि कप खाली ठेवायच्या आत पुन्हा सांगत.

"आता काका पाहुण्यांना चहाला बोलावतील," आई म्हणाली. ती स्टुलावर टॉर्च धरून बसली होती.

"तू उजेड धर. बोलू नकोस."

"उजेड धरूनच बोलतेय."

उद्या सकाळी मुलगी हीच गाडी घेऊन नव्या नोकरीच्या गावी निघणार होती. हजर व्हायचं होतं सोमवारी, पण शनिवारीच जाऊन खोली लावायचा तिचा बेत होता. महिनाभर वडिलांनी त्या जाण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यांनी फक्त ब्रेक बदलले, वायपर बदलले, डिकीतला दिवासुद्धा बदलला. बदलण्यासारखा एवढा भोपळाच काय तो उरला होता.

"सरका बाबा," म्हणून ती गाडीखाली शिरली. आईनेही वाकून टॉर्चचा झोत आत सोडला.

परातीत काळं तेल साचलं होतं आणि त्याचा वास डोक्यात जात होता. मुलीने वरच्या बोल्टला पाना लावला, पाय रोवले, दात आवळले आणि सगळा जोर लावून ओढला.

बोल्ट बरणीच्या सैल झाकणासारखा फिरला.

ती तशीच पडून राहिली. गाडीच्या कडेखालून वडिलांचे बूट दिसत होते. निकालाच्या दिवशी शाळेत उभ्या असलेल्या पोरासारखे दोन्ही चवडे आत वळलेले.

तिने बोल्ट पुन्हा आवळला. होता त्याहून घट्ट. मग पाना दोनदा लोखंडावर आपटला आणि मोठ्याने कण्हली.

"नाही हो बाबा. आज काही निघत नाही हा."

"मी म्हटलंच होतं!" बूट सरळ झाले. "गंज म्हणजे काय चेष्टा आहे?"

"उद्या बघू. मी परवा निघते."

"उद्या निघेल. नक्की निघेल," वडील घाईघाईने म्हणाले. "रात्रभर तेल मुरू दिलं की निघतो."

आईने टॉर्च विझवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बाहेर आलेल्या मुलीच्या हातातला पाना काढून घेतला.

"जेवायला चला. हा राहू दे माझ्याकडे. तुम्हा दोघांच्या हातून तो बोल्ट काही निघायचा नाही."