चटई कोण उचलणार?

सेमिसी पहाटेपासून दुपारपर्यंत चटईखाली बसला, आणि ती चटई कुणीही उचलली नाही. ही बातमी अमेरिकन दूतावासात आली तेव्हा राजदूत लॉरेटा व्हिटकमनं हातातला कप न पिताच खाली ठेवला.

सामोआत कुणाच्या हातून कुणाचा जीव गेला, तर त्यानं मेलेल्याच्या दारात जाऊन बसायचं. डोक्यावरून घरातली सगळ्यात मोलाची चटई पांघरायची आणि मान खाली घालायची. घरच्यांनी येऊन चटई उचलली की माफी मिळाली. नाही उचलली, तर दगड आहेत, कोयते आहेत. कोर्टकचेरी त्यानंतरची.

सेमिसी तिचा ड्रायव्हर. तीन वर्षं तिची गाडी चालवणारा, बोलायला मोजका, चर्चमध्ये गायला लागला की छप्पर हलवणारा. आणि खरी गोष्ट अशी, की अपघात झाला त्या दिवशी गाडी तो चालवतच नव्हता.

रविवारी ती त्याच्याच घरी जेवायला गेली होती. भाजलेलं डुक्कर, नारळाच्या दुधातली अळूची पानं. खाऊनखाऊन सगळे सुस्तावले होते. त्याच सकाळी वॉशिंग्टनहून फोन आलेला: युरोपातल्या एका मोठ्या राजधानीसाठी तिचं नाव पक्कं. एकतीस वर्षं जिची वाट पाहिली ती खुर्ची! किन्शासात व्हिसाचे शिक्के मारत सुरुवात केली, ढाक्यात तापानं मरतामरता वाचली, अंकारात नवरा सोडून गेला, आईच्या मातीलासुद्धा पोचता आलं नाही. सगळं या एका खुर्चीपायी. मग बाई खुशीत येणार नाही तर काय! निघताना तिनं सेमिसीच्या हातातून चावी काढून घेतली. "आज तुझी सुट्टी. तू ऐटीत बस, मी तुझी ड्रायव्हर."

जन्म मागच्या सीटवर गेलेली बाई ती. वळणावर तिचे हात आपसूक गाडी उजवीकडे घेऊन गेले, अमेरिकेत नेतात तशी. इथे सगळे डावीकडून चालतात. समोरून सायकलवर योआने येत होता. बावीस वर्षांचा.

पोलीस आले तोवर सेमिसी स्टिअरिंगमागे जाऊन बसला होता. "मी चालवत होतो," म्हणाला. लॉरेटा तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिली. त्याला आज तीन दिवस झाले.

"मॅडम, तुम्ही काहीही बोलायचं नाही," ग्रेसन पाइक म्हणाला. दूतावासात तिच्या खालोखाल तोच. "आपण फुलं पाठवलीत, पत्र पाठवलंय. मृत नागरिकाच्या कुटुंबाप्रती सहानुभूती. आणखी काय करायचं?"

"फुलं परत आली, ग्रेसन."

"येऊ द्यात. सिनेटपुढं तुमच्या नेमणुकीची सुनावणी पंधरा दिवसांवर आलीय. तिथं कुणी विचारलं, गाडी कोण चालवत होतं, तर?"

"आणि सेमिसी?"

"त्याला न्यूझीलंडला हलवू."

"त्याच्या म्हाताऱ्या आईला? चार लेकरांना? अख्खं घर उचलून नेतोस का?"

ग्रेसन टेबलावरचे कागद गोळा करू लागला. काखा वर करण्यात पटाईत माणूस; पण शिकला कुणाकडून? तिच्याकडूनच की. 'चौकशी सुरू आहे', 'आमच्या सरकारला खेद वाटतो'. सरकारला वाटायचं ते सगळं तिनं एकतीस वर्षं सांगितलं. आपल्याला काय वाटतं ते सांगायची वेळच आली नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार, आणि चोर आपणच, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. तरी ती उठली नाही.

संध्याकाळी सेमिसी मागच्या दारानं आला. कपाळावर दगडाची खोक होती.

"उद्या परत बसणार मी, बाईसाहेब."

"उद्याही नाही उचलली तर?"

"तर परवा. तोवर योआनेकडची ती पोरं थांबतील का, देव जाणे. काल आमच्या नीरफणसाला कुऱ्हाड घातली त्यांनी. म्हणाले, आता झाड, मग तू."

"का केलंस रे हे? कुणी सांगितलं होतं तुला?"

"आमच्या घरून जेवून निघालेली पाहुणी तुम्ही. तुमच्यावर आळ कसा येऊ द्यायचा?" त्यानं कपाळावरची खोक पुसली. "आणि तुम्हीही काही बोलला नाहीत. म्हटलं, तुम्हालाही तेच हवं असेल."

हे तो टोमणा म्हणून बोलला नव्हता. म्हणून तर ते तिच्या काळजात रुतलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत तिनं गाडी काढली. "डावीकडे, डावीकडे," असं मोठ्यानं घोकत, घामानं निथळत, ती त्या किनाऱ्यावरच्या गावात पोचली. योआनेच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब. आतली माणसं जागीच होती. बांधावर सात-आठ जण कोयते घेऊन बसलेले. अंगणात गवतावर चटईचा एक उंचवटा, त्याच्याखाली सेमिसी.

लॉरेटानं चपला काढल्या. चटईची कड उचलून ती आत शिरली.

"जा इथून!" सेमिसी कुजबुजला. "जीव घेतील तुमचा!"

"गप बस. सरक जरा."

आत खोबरेल तेलाचा वास. सेमिसीच्या आईनं तीन वर्षं खपून विणलेली ती चटई. कडेखालची गवताची पट्टी सोडली तर तिच्यातून बाहेरचं काही दिसेना. एक दगड शेजारी पडला. दुसरा लॉरेटाच्या पाठीत बसला. ती कळवळली, पण हलली नाही. मग ऊन चढलं, कोंबडे आरवायचे थांबले, आणि भेगाळलेली दोन पावलं चटईच्या कडेशी येऊन उभी राहिली. पेनिना. योआनेची आई.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मी," सेमिसी म्हणाला.

"मी," लॉरेटा म्हणाली. तिची सामोअन मोडकीतोडकी, पण इतकं यायचं तिला. "तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. हा माझ्यासाठी खोटं बोलतोय. मी माझ्या नोकरीसाठी गप्प बसले."

बांधावरून कुणीतरी खाली उडी मारली. सेमिसीनं डोळे गच्च मिटले.

"तिथंच थांब रे!" पेनिना ओरडली. मग खाली वाकून हळू म्हणाली, "ठाऊक आहे मला. माझी धाकटी कुंपणापाशी होती. पाहिलंय तिनं."

"मग... मग काल का नाही उचललीत?" सेमिसीचा आवाज फुटला.

"काल काय उचलू? ज्यानं मारलंच नाही त्याला कसली माफी देऊ, बाबा? माझ्या लेकाच्या मरणावर खोटं बोललास, म्हणून दगड खाल्लेस तू. आणि जिनं मारलं ती घरी बसून फुलं पाठवते!"

मग तिनंच चटई उचलली. उजेड डोळ्यांत घुसला. लॉरेटा उठायला गेली, तर पेनिनानं तिचा खांदा दाबून खाली बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर गवतात बसली. रस्त्यावरच्या गाडीत फोन वाजत होता. ग्रेसनच असणार. लॉरेटानं तिकडं मान वळवली नाही. ती सुनावणी आता होणार नाही हे तिला कळून चुकलं होतं.

"तुझ्या त्या पत्रात त्याचं नावच नव्हतं," पेनिना म्हणाली. "नाव घे त्याचं."

"योआने," लॉरेटा म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.