लुव्हेनियाबाईंच्या दुकानातली खुर्ची

लोखंडाची आणि कातड्याची एक जुनी खुर्ची आहे मी, मित्रांनो. घरात असते तशी चार पायांची नव्हे. मला एकच जाडजूड पाय आहे, आणि बाजूचा दांडा दाबला की बसलेल्या माणसासकट मी वर उचलली जाते. बायकांचे केस धुवायच्या आणि विंचरायच्या दुकानात माझे आयुष्य गेले. माझे लाल कातडे आता तडकले आहे, उजव्या हाताखालून कापूस डोकावतो आहे. माझी म्हणून वेगळी अशी काही गोष्ट नाही. जी माणसे माझ्यावर बसली, त्यांचीच ती गोष्ट. त्यातही एका बाईची. ती माझ्यावर फार थोडी बसली, आणि माझ्या मागे मात्र जन्मभर उभी राहिली.

माझा जन्म सेंट लुईसच्या एका कारखान्यात झाला. दुसरे महायुद्ध तेव्हा सुरू व्हायचे होते. पेंढ्यात गुंडाळून, आगगाडीत घालून मला अलाबामातल्या टॉलिव्हर गावी आणले आणि मुख्य रस्त्यावरच्या मिस हेस्टर यांच्या दुकानात मोठ्या आरशासमोर बसवले. तिथे फक्त गोऱ्या बायका येत. जमीन झाडायला, टॉवेल धुवायला आणि मला पुसायला लुव्हेनिया प्रुइट नावाची एक काळी तरुण बाई होती. माझे हात ती इतके चकचकीत ठेवी की गिऱ्हाइके त्यांत आपली ओठांची लाली बघून घेत. "हेस्टर, खुर्ची नवी घेतलीस का गं?" असे कुणी म्हणाले की मिस हेस्टर फुलून जात. लुव्हेनियाचे नाव कोणी काढत नसे. बारा-तेरा वर्षे तिने मला पुसले, पण एकदाही माझ्यावर बसली नाही. तिला ती मुभाच नव्हती.

तिचा नवरा इझेल इटलीत लढायला गेला होता. युद्ध संपून तो घरी आला, त्याच्या पुढच्या वसंतातली एक सकाळ मला विसरता येत नाही. माझ्यावर बसलेली बाई हसत हसत सांगत होती,

"ऐकलंस का हेस्टर? काल कोर्टात एक काळा आला होता, अंगात लष्कराचा गणवेश घालून! म्हणे, मतदार यादीत माझं नाव घाला."

"अगं बाई! मग?"

"मग काय, पोरांनी पायऱ्यांवरून असा लोटला! पदकं गडगडत रस्त्यावर. गेला लंगडत घरी."

मागे मोरीपाशी लुव्हेनिया टॉवेल पिळत होती. पाण्याचा थेंब उरला नाही तरी ती पिळतच राहिली. लंगडत घरी गेलेला तो माणूस तिचाच नवरा होता. त्याचा सुजलेला गुडघा शेकून ती कामावर आली होती. आपल्यामागे तीन हातांवर त्याची बायको उभी आहे, हे त्या दोघींच्या गावीही नव्हते.

इझेलचा पाय पुढे कधी सरळ झाला नाही. लाकडाच्या गिरणीत काही वर्षे त्याने कशीबशी काढली आणि एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने तो गेला. मागे राहिली लुव्हेनिया, सहा वर्षांचा थेरॉन, आणि कपाटात टांगलेला गणवेश.

त्याच वर्षी मिस हेस्टर यांनी नव्या खुर्च्या आणल्या आणि मला मागच्या अंगणात टाकले. पावसात भिजत मी तिथे पंधरा दिवस पडले होते. "बाईसाहेब, ही मी नेऊ का?" लुव्हेनियाने विचारले. तिने मधल्या काळात केशभूषेचा रीतसर परवाना मिळवला होता, हे तिथे कुणाला ठाऊकच नव्हते. हातगाडीवर घालून तिने मला रेल्वेच्या रुळांपलीकडे, आपल्या घराच्या पुढच्या खोलीत नेले. गंज घासून काढला, तेल घातले. मग हात पुसले आणि ती माझ्यावर बसली. थेरॉन माझ्या दांड्यावर लोंबकळला.

"आई, तू वर चाललीस!"

"जाऊ दे रे," ती डोळे मिटून म्हणाली, "जाऊ दे वर."

तिथून माझे खरे दिवस सुरू झाले. शनिवारी तर मला उसंत नसे. केस सरळ करायचा लोखंडी कंगवा चुलीवर तापे, तेलाचा आणि केसांचा वास खोलीत भरून राही, कुणी मक्याचा पाव आणी, कुणी तळलेला मासा. त्या गावात आमच्या गिऱ्हाइकांना दहा वर्षांचे गोरे पोरदेखील 'अगं ए' करून हाक मारी. म्हणून लुव्हेनियाने दुकानात एक नियम केला. जी या खुर्चीवर बसेल तिला 'अहो' म्हणायचे, आडनावाने हाक मारायची. ओडेल क्रम्प नावाची एक धुणेवाली होती, साठीला टेकलेली. लुव्हेनिया पहिल्यांदा म्हणाली, "या क्रम्पबाई, बसा," तर ओडेल मागे वळून दाराकडे बघू लागली.

"माझी सासू आली की काय? ती तर कधीच मेली!"

सगळ्या बायका पोट धरधरून हसल्या. पण माझ्यावर बसल्यावर ओडेलने पाठ कशी ताठ केली, ते मला कळले.

मित्रांनो, शाळेतल्या मास्तरणीने हक्कांविषयी एक शब्द जरी काढला असता तर तिची नोकरी गेली असती. लुव्हेनियाबाईंना नोकरीवरून काढणार कोण? त्यांची गिऱ्हाइके सगळी आपलीच. म्हणून माझ्या भोवती, केस वाळेपर्यंत, शिकवणी सुरू झाली. मतदार यादीत नाव घालायला गेले की कोर्टातला कारकून राज्यघटनेतला एखादा अवघड उतारा पुढे टाकी आणि अर्थ विचारी. ते उतारे बायका इथे पाठ करीत. ओडेलबाई तर मुळाक्षरांपासून सुरू झाल्या. लुव्हेनियाबाई स्वतः तीनदा कोर्टात गेल्या, "माझ्या नवऱ्यानं या देशासाठी रक्त सांडलंय," असे त्या टेबलासमोर सांगून आल्या, आणि तीनदा नापास झाल्या.

शेवटी १९६५ साली ही परीक्षा बंद करणारा कायदा झाला. वॉशिंग्टनहून आलेल्या माणसांनी नावे नोंदवायला पोस्टाच्या तळघरात टेबल मांडले. एकोणीस वर्षांचा थेरॉन आपल्या खटारा गाडीतून दिवसभर म्हाताऱ्यांना तिथे पोचवत होता. संध्याकाळी ओडेलबाई आल्या आणि धापकन माझ्यावर बसल्या.

"झालं का नाव?" सगळ्यांनी विचारले.

"झालं म्हणजे! तो पोरगा म्हणाला, इथे फुली मारली तरी चालेल. म्हटलं, फुली मार तुझी तू! मी सही करणार." आणि त्या रडायलाच लागल्या.

असे सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. पुढच्या वसंतात एका सोमवारी, दुकान बंद असताना, थेरॉन हातात एक लिफाफा घेऊन आला. लुव्हेनियाबाई माझ्या कातड्याला तेल लावत होत्या.

"आई, सैन्यात बोलावलंय. व्हिएतनामच्या लढाईला. पण मी जाणार नाही."

"जाणार नाही म्हणजे? तुझा बाप गेला होता."

"म्हणून तर सांगतोय. तिकडच्या लोकांना स्वातंत्र्य द्यायला मला पाठवतायत, आणि आपल्याला ते मिळून अजून वर्ष नाही झालं. ज्यांनी सक्तीच्या भरतीसाठी माझं नाव निवडलंय ना, ते याच गावचे पाच गोरे आहेत. मी कोणाला पोस्टात पोचवत होतो, ते त्यांना चांगलं माहितीय."

"अरे, तुझ्या बापाच्या गणवेशाच्या जोरावर मी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून हक्क मागितला! उद्या तू पळालास तर काय म्हणतील ते? म्हणतील, बघा, यांना मत पाहिजे, लढायला नको."

"त्याच गणवेशात बाबांना पायऱ्यांवरून लोटलं, आई. गणवेशानं वाचवलं का त्यांना?"

लुव्हेनियाबाईंचा चेहरा मी आरशात पाहिला. तो टॉवेल पिळणारा चेहरा होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या बापाचं नाव घेऊ नकोस. भ्याड कुठला. जायचंय तर जा. पण मग हे दार तुला बंद."

दोघांच्या मधोमध मी उभी होते. त्यांतले कोण चुकले, हे मला आजही ठरवता येत नाही.

तो दुपारच्या बसने गेला. उत्तरेला डेट्रॉइट, आणि तिथून सरहद्द ओलांडून कॅनडात. टोरांटोहून त्याची दोन पत्रे आली. दोन्ही वेळा लुव्हेनियाबाईंनी अक्षर पाहिले, लिफाफा थोडा वेळ माझ्या हातावर ठेवला, आणि न उघडताच परत पाठवून दिला. तिसरे पत्र आलेच नाही. गिऱ्हाइकांनी विचारले की त्या म्हणत, "मजेत आहे." पण पोस्टमनची चाहूल लागली की केसांतला कंगवा तिथेच थांबे.

एकदा टोप्या घातलेले दोन सरकारी गोरे आले. त्यांतला एक न विचारताच माझ्यावर बसला.

"लुव्हेनिया, तुझा मुलगा कुठे आहे?"

"माहीत नाही."

"आई असून माहीत नाही?"

"तीच तर माझी शिक्षा आहे, साहेब."

दोन वर्षांनी, एका सकाळी लवकर, युलाबाई बिवेन्स आल्या. त्यांचा मुलगा कर्टिस त्याच लढाईत मारला गेला होता, आणि त्या दिवशी त्याला मूठमाती द्यायची होती. लुव्हेनियाबाईंनी त्यांचे केस मऊ हातांनी धुतले.

मग युलाबाई आरशात बघत म्हणाल्या, "प्रुइटबाई, तुमचा कुठे आहे ते तुम्हाला माहीत नाही, असं म्हणता. माझा कुठे आहे ते मला पक्कं माहितीय."

लुव्हेनियाबाईंच्या हातातला कंगवा खाली पडला. युलाबाई गेल्यावर त्या माझ्यावर बसल्या आणि माझ्या पाठीत तोंड खुपसून रडल्या. इतकी वर्षे लोकांचा भार सोसला, पण तसा भार मी पुन्हा कधी अनुभवला नाही.

परत पाठवलेल्या पत्रांवरचा पत्ता त्यांनी लिहून ठेवला नव्हता. म्हणून दुसऱ्याच दिवशी थेरॉनला शोधायला त्यांनी पाद्रीबाबांकडून टोरांटोतल्या चार चर्चना पत्रे लिहून घेतली. पाच महिने उत्तर नाही. मग एक लिफाफा आला. आत पत्र नव्हते. एका तान्ह्या मुलीचा फोटो होता, आणि मागे थेरॉनच्या अक्षरात नुसता पत्ता.

माझ्यावर चादर टाकून लुव्हेनियाबाई बसने निघाल्या. नऊ दिवस मी आंधळ्यासारखी उभी होते. ओडेलबाई रोज येऊन कुंडीला पाणी घालीत आणि स्वतःशीच पुटपुटत, "कधी येणार गं बाई ही?" दहाव्या दिवशी चादर निघाली.

"सांगा ना, काय झालं?" ओडेलबाईंनी त्यांना बसूसुद्धा दिले नाही.

"दार त्यानंच उघडलं. मला काही सुचेना. म्हटलं, केस किती वाढवलेस रे."

"आणि तो?"

"म्हणाला, कापणारं कोणी नव्हतं. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवला न् कापले."

"माफी मागितली का त्यानं?"

"नाही. मीही नाही मागितली. तो अजून म्हणतो, त्याचंच बरोबर. मीही म्हणते, माझं. पण केस कापताना त्याची मान माझ्या हातात होती, क्रम्पबाई. एवढी उबदार."

कबूल करते, त्या स्टुलाचा मला फार हेवा वाटला. थेरॉन एकदा, फक्त एकदा, माझ्यावर येऊन बसावा, एवढेच मी तेव्हापासून मागत आले.

नंतर दर आठवड्याला पत्र येऊ लागले, आणि शनिवारी मोठ्याने वाचले जाऊ लागले. पण थेरॉनला येता येत नव्हते. सरहद्दीवर पाऊल ठेवताच त्याला अटक झाली असती. लुव्हेनियाबाईंचा रक्तदाब वाढत गेला. दूरचा प्रवास बंद झाला. १९७५ च्या हिवाळ्यात, नाताळाला आठवडा असताना, त्या गेल्या.

त्यांची अंत्ययात्रा दुकानावरून निघाली. आत ओडेलबाई एकट्याच थांबल्या होत्या. त्यांनी टोरांटोला फोन लावला आणि तार ताणून रिसीव्हर उघड्या दारातून रस्त्याकडे धरला. बाहेर लोक गात चालले होते. गाणे संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. रस्ता शांत झाला, तेव्हा रिसीव्हरमधून येणारा हुंदका मला ऐकू आला.

तेरा महिन्यांनी सरकारने युद्धाला नकार देणाऱ्यांना माफी जाहीर केली. वसंतात थेरॉन आला. कानांवर केस अकालीच पांढरे झाले होते. त्याने माझ्यावरची चादर काढली, धूळ झटकली आणि तो बसला. आरशात पाहिले नाही. केस धुताना टाकतात तशी त्याने मान मागे टाकली, डोळे मिटले, आणि तसाच वाट बघत राहिला. माझ्या मागे कोणी उभे नव्हते. मी त्याला धरून ठेवले, जेवढे एका खुर्चीला धरता येते तेवढे.

मित्रांनो, माझे कातडे शिवा, मला तेल घाला, असे मी म्हणणार नाही. माझे झाले ते झाले. पण तुमच्या घरात कुणाचे न उघडलेले पत्र पडले असेल, तर ते आज उघडा. राग गेला नसेल, तर रागातच उघडा.