लाल पाटीमागचा सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सातपूरच्या एका रक्ततपासणी लॅबच्या मागच्या खोलीत राहतो. लोकांचे रिपोर्ट सांभाळायचे आणि ज्याचे त्याला मोबाइलवर दाखवायचे, हे माझं काम. मी नवा होतो तेव्हा मालक गोविंदराव येईल त्याला कौतुकानं माझ्याकडे घेऊन येत. पुढे माझ्यावर धूळ बसली आणि कोणी फिरकेना.

धुळीचं एक वेळ सोसलं असतं हो! पण माझं प्रमाणपत्र कमकुवत झालं. प्रमाणपत्र म्हणजे ‘हा खराच लॅबचा सर्व्हर’ ही माझी ओळख. ते इतकं जुन्या पद्धतीचं, की एखादा भामटा त्याची नक्कल करून माझ्या जागी बसला असता आणि खोटे रिपोर्ट वाटत सुटला असता. या धास्तीनं माझा पंखा सारखा घरघरायचा. लोकांचे मोबाइलही लाल पाटी दाखवून बजावायचे, ‘पुढे जाऊ नका!’ गोविंदराव मात्र फोनवर निवांत. “अहो, लाल पाटी आली म्हणजे आपलीच साइट. बिनधास्त पुढे जा.”

शेवटी लॅबमध्ये नव्यानं कामाला लागलेल्या स्वरदानं हट्टच धरला. “काका, चालतंय तोवर चालवायचं, हे काही बरं नाही.” तिनं मला मजबूत प्रमाणपत्र बसवलं. लाल पाटी गेली. हुश्श! मला वाटलं, सुटलो एकदाचा.

त्याच दुपारी गुलाबाची शेती करणाऱ्या गोटीरामांचा रिपोर्ट आला. रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलेलं. हृदय कधीही बंद पडलं असतं! मी रिपोर्ट घेऊन तयार. त्यांच्या बायकोचा, सखुबाईंचा मोबाइल माझ्यापर्यंत आला आणि रिपोर्ट न उघडताच परत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मला हाक मारता येत नाही, काय करू? जीव नुसता कासावीस झाला.

रिपोर्ट अजून उघडला नाही, हे स्वरदाच्या लक्षात आलं. तिनं गोविंदरावांसमोरच स्पीकरवर फोन लावला.

“ताई, उघडलाच नाय मी,” सखुबाई म्हणाल्या. “लाल पाटी आलीच नाय. म्हनलं, कोणीतरी फसवतंय. पाटी आली म्हंजे आपली साइट, असं गोविंददादांनीच सांगितलं व्हतं ना?”

गोविंदरावांनी फोन ओढूनच घेतला. “सखुताई, चूक माझी. गोटीरामांना घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात निघा!”

गोटीराम वाचले. पण थोडक्यात.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांची प्रमाणपत्रं वेळेवर बदलत जा. आणि धोक्याची पाटी दिसली, तर ‘काही होत नाही’ म्हणून कोणाला पुढे ढकलू नका. माझं प्रमाणपत्र बदलायला एक सकाळ पुरली. सखुबाई मात्र अजूनही प्रत्येक रिपोर्टच्या आधी फोन करतात. “दादा, आता कशावर भरवसा ठिवायचा?” आणि गोविंदराव एकेक आकडा फोनवरच वाचून दाखवतात.