नव्वद वजा

आमच्या प्रयोगशाळेत साखर तपासायच्या पट्ट्यांचा नवा खोका उघडला की आधी स्वतःच्या बोटातलं रक्त तपासायची पद्धत होती. त्यासाठी खास द्रावण मिळतं, पण ते संपलं होतं आणि माझं बोट शाबूत होतं. माझी उपाशीपोटी साखर अठ्ठ्याण्णव, हे मी गेल्या वर्षी पाहून ठेवलेलं. त्या दिवशीही उपाशीपोटीच तपासली, तर मीटरने एकशे अठ्ठ्याऐंशी दाखवली.

दुसरं बोट टोचलं, तरी तेच. दुसऱ्या कुणाचं बोट टोचून पाहावं, हे मला सुचलंसुद्धा नाही. मधुमेहावर बारा वर्षं काम करणाऱ्या माणसाला मधुमेह होईलच कसा? खोकाच खराब! मी तडक स्टोअरमध्ये गेलो आणि स्टोअरकाकांना चार लोकांदेखत झाडलं.

"खिडकीत उन्हात ठेवला असणार तुम्ही. नासल्या सगळ्या पट्ट्या!"

"नाही हो साहेब, कपाटातच होता."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

त्यांनी नव्या खोक्याची मागणी लिहून घेतली. निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस कशाला वाद घालेल?

नव्या पट्ट्या यायला महिना लागणार होता आणि प्रयोग थांबवता येत नव्हता. कुंपणावर वाढणाऱ्या एका कडू वेलाच्या पानांचा अर्क आम्ही मधुमेही उंदरांना पाजत होतो. अर्कवाले उंदीर माझ्याकडे, नुसत्या पाण्यावरचे सहकारी ताईंकडे. त्यांच्याजवळ त्यांच्यापुरत्याच जुन्या पट्ट्या शिल्लक होत्या. मी माझ्यापुरता तोडगा काढला. मीटर नव्वद जास्त दाखवतं ना, मग प्रत्येक आकड्यातून नव्वद वजा करायचे.

तीन आठवड्यांनी पाणीवाल्या उंदरांची साखर तीनशेच्या वर होती आणि माझ्या उंदरांची दोनशे वीस. आमच्या विभागप्रमुख बाईंनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मीही चढलो. पट्ट्या खराब होत्या हे अहवालात लिहावं लागणार होतं. बाई म्हणाल्या, "स्टोअरवाल्यांना मेमो द्यावाच लागेल." मी मान डोलावली.

कोणता उंदीर दिवसाला किती पाणी पितो, हे मी रोज टिपून ठेवत होतो. स्वतःची बाटली दिवसातून पाचदा भरत होतो, त्याचं काही वाटलं नाही. शेवटी बायकोने जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. सोमवारी रिपोर्ट आला. एकशे ब्याण्णव.

नाचता येईना, अंगण वाकडं! पट्ट्या उत्तम होत्या. अर्काने काहीच केलं नव्हतं. माझाच आजार मी उंदरांच्या रक्तातून वजा करत बसलो होतो.

त्याच दिवशी बाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू म्हटलं, आणि उद्या आल्यावर परवा म्हटलं. लाज आजाराची नव्हती. चार लोकांदेखत ओरडलो होतो, त्याची होती.

शुक्रवारी काका माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"साहेब, टेबलावर गोळ्या दिसल्या तुमच्या. आमची हीसुद्धा त्याच घेते." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडे तर घरचंच औषध आहे. नव्वदने उतरते ना साखर? जमलं तर हिच्यासाठीही द्या थोडं. गोळ्यांना कंटाळलीय."

आता मात्र बोलावंच लागलं.

"काका, त्या अर्काने काही उतरत नाही. काकूंच्या गोळ्या बंद करू नका. पट्ट्या चांगल्याच होत्या. साखर माझी वाढली होती."

ते चिडले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारी."

त्यांनी माझ्या टेबलावर बोट ठेवलं.

"मेमोवर मी बुधवारी सही केली," ते म्हणाले. "चूक माझी झाली, असं लिहून. इथेच, याच टेबलावर. पेन तुम्हीच दिलंत."