बाहेर जाणारी वही

शनिवार, दिनांक १४ डिसेंबर २०२४ रोजी सायंकाळी साडेचार वाजता, रत्नागिरीत माळनाक्याजवळच्या एका शाळेच्या वरच्या वर्गखोलीत, महिपतबुवा गुरव यांच्या रचनांची तालीम चालू असताना, प्राध्यापक काशीराम पाष्टे यांनी एका बाईंना इतर चौदा जणींच्या देखत विचारले, "तुमचं शिक्षण किती झालं?"

"सातवी," बाई म्हणाल्या.

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. पाष्टे सरांनी मान डोलावली आणि पुढच्या ओळीचा आकडा सांगितला. एका वाक्याचे ते काम होते आणि ते झाले होते.

बाईंचे नाव विमला. वय सत्तर. त्या बुवांची एकुलती मुलगी. लांज्याहून एसटीने तालमीला येत. त्यांचा अपराध एवढाच की भूप रागातल्या रचनेच्या तिसऱ्या ओळीत सगळ्या जणी सरांच्या नव्या पुस्तकाबरहुकूम मध्यम लावत असताना त्या एकट्या गंधारावर थांबल्या होत्या. गायनवृंदाला शिकवणाऱ्या दीपालीने त्यांना दोनदा हटकले, तेव्हा त्या म्हणाल्या की बाबा असे गात नसत. त्यावर सर उठले. भूपात मध्यम वर्ज्य असतो हे पहिल्या परीक्षेचा विद्यार्थीही जाणतो, ते म्हणाले. तरीही बुवांनी तो स्वहस्ते लिहिला आहे, म्हणजे जाणून लिहिला आहे. आठवण हा पुरावा नव्हे, हस्ताक्षर हा पुरावा. विमलाताई गप्प राहिल्या नाहीत. आपण रोज ऐकत होतो, असे त्या पुन्हा म्हणाल्या. मग तो प्रश्न आला.

सर काही मूळचे उद्दाम नव्हते. ते हुज्जतखोर होते, आणि वाद जिंकण्याची सवय जडली की या दोहोंतला फरक दुसऱ्याला दिसेनासा होतो. चाळीस वर्षे त्यांनी जुने मराठी गद्य शिकवले होते. हस्तलिखितांत ज्या पाठाचे आश्चर्य वाटते तोच बहुधा खरा, कारण नकलकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करीत नाही, हे सूत्र त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना पाठ करून घेतले होते. निवृत्तीनंतर चिपळूणच्या एका व्यापाऱ्याच्या माळ्यावर, पुरातून वाचलेली बुवांची वही त्यांना मिळाली. देवळाच्या उत्सवात समूहाने गाण्यासाठी बांधलेल्या एकेचाळीस रचना, स्वरलिपीसह, पानोपानी बुवांची सही. बारा वर्षे खपून त्यांनी त्यांची संपादित आवृत्ती सिद्ध केली. प्रत्येक रचनेत एखादा स्वर रागाच्या नियमाबाहेरचा होता. त्या प्रत्येकावर त्यांनी टीप लिहिली. एकट्या भूपाच्या मध्यमावर सहा पाने होती, आणि लोप पावलेल्या एका प्राचीन परंपरेचा हा अवशेष आहे असा निष्कर्ष त्यांत काढला होता. चारशे प्रती छापून आल्या होत्या. प्रकाशन २२ तारखेच्या रविवारी होते.

मंगळवारी सकाळी प्रकाशनाच्या भाषणासाठी ते या विशेष स्वरांची यादी करायला बसले. रचना, ओळ, मात्रा असे तीन रकाने आखले. पहिली रचना, तिसरी ओळ, पाचवी मात्रा. दुसरी रचना, तिसरी ओळ, पाचवी मात्रा. सातव्या रचनेपाशी त्यांचा हात थबकला. उरलेल्या रचना त्यांनी उभ्यानेच तपासल्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस.

कोणतीही परंपरा इतक्या शिस्तीने लोप पावत नाही. लिहिणाऱ्याने जागा ठरवून चूक पेरली होती, आणि ही गोष्ट उघडी पडायला बारा वर्षांचा व्यासंग नव्हे, तीन रकान्यांचा एक कागद पुरला होता. घरात कोणी नव्हते, तरी त्यांनी तो कागद पालथा घातला.

बुधवारी ते लांज्याला गेले. विमलाताई ओसरीवर सुपात काजूगर घेऊन तुकडे वेगळे काढीत बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिले, सुनेला चहा ठेवायला सांगितले आणि पुन्हा सूप पुढ्यात ओढले. सरांनी यादी त्यांच्यासमोर धरली. चष्मा नसल्याने त्यांनी ती वाचली नाही.

"तिसऱ्या ओळीत आहे ना सगळीकडे?" त्यांनी विचारले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"बाबांच्या दोन चाली मुंबईच्या एकाने स्वतःच्या नावावर खपवल्या. तेव्हापासून वही बाहेर द्यायची तर बाबा तिला कुलूप घालायचे. मागणाऱ्याला नाय म्हणवत नसे त्यांच्याने. घरच्यांना खरा सूर तोंडी."

सरांनी विचारले की मग शनिवारी हे का सांगितले नाही. प्रश्न तोंडून सुटला आणि त्याच क्षणी तो परत घेता आला असता तर बरे, असे त्यांना वाटले.

"सांगितलं की. बाबा असं गात नसत, म्हटलं. दोनदा म्हटलं," विमलाताई म्हणाल्या. "घरातलं कुलूप चारचौघांत कसं दाखवू? तुम्ही पुढे काही विचारलं असतंत तर बाहेर बोलावून सांगितलं असतं. तुम्ही इयत्ता विचारलीत."

सरांचे वडील खताच्या पोत्यांच्या पावतीवर अंगठा उठवीत. कॉलेजच्या पहिल्या मुलाखतीत एका गृहस्थांनी, घरात वाचणारे कोणी आहे का, असे हसत विचारले होते. ते हसू सरांनी पन्नास वर्षे जपून ठेवले होते. त्याच हसण्याला आपण शनिवारी वर्गात जागा करून दिली, हे त्यांना त्या ओसरीवर कळले, आणि चहाचा कप तोंडाशी नेणेही अवघड झाले.

कप खाली ठेवून त्यांनी विनंती केली: खरे सूर सांगावेत, शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीत चिकटवू. विमलाताईंनी लगेच होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. कुलूप आता तुम्हीच शोधलेत, तेव्हा लपवायचे काही उरले नाही, असे त्या म्हणाल्या. "पण आधी तिथे सांगा. त्याच बायकांसमोर. मग बघू."

परतीच्या एसटीत त्यांनी निवेदनाचा मसुदा मनात रचला. 'काही पाठांच्या बाबतीत पुनर्विचार आवश्यक झाला आहे.' वाक्य निर्दोष होते. त्यात कर्ता कुठेच नव्हता. हातखंब्याच्या फाट्यापर्यंत त्यांनी ते तीनदा घासले, आणि दर वेळी ते अधिक निर्दोष होत गेले.

शनिवारी, २१ तारखेला, त्याच खोलीत ते गायनवृंदासमोर उभे राहिले. विमलाताई खिडकीजवळच्या जागी बसल्या होत्या. सरांनी, स्वतःचाच तिरस्कार वाटत असताना, तेच वाक्य उच्चारले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. उद्याच्या कार्यक्रमाची पत्रिका दीपालीच्या हातात होती. ती गोंधळून म्हणाली, "सर, म्हणजे चूक नक्की कोणाची?"

"माझी."

यानंतर मात्र त्यांनी काही मागे ठेवले नाही. वही खरी होती, सही खरी होती आणि तरीही एकेचाळीस ठिकाणी आपण फसलो, हे सांगितले; सहा पानांची टीप ही निव्वळ पोकळ विद्वत्ता होती, हेही सांगितले. मग म्हणाले, "विमलाताईंना बुवांचं गाणं ठाऊक होतं. त्यांनी ते मला सांगितलं. मी त्यांना शाळा विचारली. त्याबद्दल मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतो."

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. मागच्या बाकावरची एक जण पदराच्या काठाशी चाळा करीत खाली बघत राहिली. सरांनाही तिच्याकडे बघवेना.

दीपालीने सरांना काही विचारले नाही. ती पुस्तक घेऊन विमलाताईंकडे गेली आणि म्हणाली, "मावशी, पाहुणे ठरलेत, हॉल ठरलाय. तुम्हीच सांगा, उद्या हे द्यायचं का लोकांना?"

विमलाताईंनी चष्मा लावला. भूपाचे पान काढले, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले आणि ती ओळ हलक्या आवाजात म्हटली. पाचव्या मात्रेवर त्या गंधारावर थांबल्या, आणि तो सूर इतका सहज बसला की तिथे दुसरे काही असू शकते असे सहा पाने भरून कोणी लिहिले होते, हेच खरे वाटेना. दोघीतिघींनी नकळत त्यांच्यामागे तो घेतला. सरांनी मान वर केली नाही. विमलाताईंनी आणखी चार पाने उलटली, टीप कोठे सुरू होते आणि कोठे संपते ते पाहिले, पुस्तक मिटले आणि दीपालीच्या हातात परत दिले.

"छपाई चांगली आहे," त्या म्हणाल्या. "गाणं चुकीचं आहे. वाटू नका."